व्यवसायाची फोन सेवा बदलताना: क्रमांक आणि कॉल न गमावता नव्या कंपनीकडे कसे जावे

व्यवसायाचा फोन बंद पडला, की त्याची खबर मालकाला सर्वांत शेवटी लागते; कारण ज्याचा फोन लागत नाही तो तसे सांगायला येत नाही, तो सरळ दुसऱ्या कोणाला तरी फोन लावतो. म्हणून फोन सेवा देणारी कंपनी बदलणे हे छपाईचा कागद पुरवणारा बदलण्याइतके सोपे समजू नये. काम अवघड नाही, पण त्याला क्रम आहे, आणि तो क्रम चुकला तर वर्षानुवर्षे ग्राहकांच्या तोंडी बसलेला क्रमांकच हातचा जाऊ शकतो. पुढील पायऱ्या हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या व्यक्तीसाठी लिहिल्या आहेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे: क्रमांक नव्या कंपनीकडे नीट चालू झाल्याची स्वतः खात्री करून घेईपर्यंत जुनी सेवा बंद करण्याचा अर्ज द्यायचा नाही.

पायरी १: आज काय आहे, ते लिहून काढा

मागील तीन महिन्यांची सविस्तर बिले मागवून घ्या आणि त्यांत दिसणारा प्रत्येक क्रमांक एका तक्त्यात उतरवा. प्रत्येकासमोर तो कोठे वाजतो, कोण वापरतो आणि कशासाठी वापरतो, हे लिहा. काही क्रमांकांसमोर लिहायला काहीच सापडणार नाही, आणि नवखी माणसे नेमके तेच क्रमांक ‘निरुपयोगी’ म्हणून खोडून टाकतात. तसे करू नका. त्या क्रमांकावर बाहेरून फोन लावा आणि दुसऱ्या माणसाला इमारतीत फिरून आवाज कोठून येतो ते ऐकायला सांगा. कोठेच वाजला नाही, तर भिंतीवरील जोडपेटीपासून त्या तारेचा माग काढा.

असे एक काम मी पाहत होतो तेव्हा यादीत एक लाइन होती, जिच्यावरून तीन महिन्यांत एकही कॉल झालेला नव्हता. ती बंद करण्याच्या यादीत गेलीही होती. शेवटच्या फेरीत इमारतीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी ती यादी पाहिली आणि विचारले, “मग लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर बटण दाबून फोन कुठे लागणार?” ती लाइन लिफ्टच्या मदतीच्या बटणाची होती. जिच्यावरून कधीच फोन होऊ नये अशीच सर्वांची इच्छा असते, ती लाइन बिलात निरुपयोगीच दिसणार. आग लागल्याची सूचना देणारी यंत्रणा, चोरीचा अलार्म, प्रवेशद्वारावरील इंटरकॉम, फॅक्स आणि जुन्या पद्धतीचे कार्ड यंत्र यांच्या लाइनही अशाच मुक्या असतात. यांपैकी काही उपकरणे इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर भरवशाने चालत नाहीत. फॅक्सला त्यासाठी टी.३८ नावाची वेगळी सोय लागते, आणि अलार्मच्या बाबतीत तो बसवणाऱ्या कंपनीचे मत लेखी घेतल्याशिवाय लाइनला हात लावू नये.

यानंतर एक पूर्ण सकाळ स्वागतकक्षात, फोन घेणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी बसून काढा. कोणत्याही विक्री प्रतिनिधीच्या सादरीकरणापेक्षा त्या सकाळी तुम्हाला अधिक कळेल. मी बसलो होतो तेथे कीबोर्डच्या खाली चिकटपट्टीने लावलेली एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर चौदा एक्स्टेंशन पेनाने लिहिलेली होती. त्यांतील तीन खोडून वर नवी लिहिली होती, आणि एकासमोर ‘जेवणाच्या वेळेत नको’ अशी नोंद होती. कॉल पुढे देण्याआधी फोन घेणाऱ्या बाई समोरच्या सहकाऱ्याला हळूच विचारून घेत असत, “देऊ का?” म्हणजे त्या कार्यालयाला कॉल न जोडता आधी बोलून मग देण्याची सोय हवी होती, आणि ही गोष्ट कोणत्याही मागणीपत्रात लिहिलेली नव्हती. अशा सवयी टिपून ठेवा. नवी सेवा याच सवयींवर टिकते किंवा पडते.

पायरी २: गरज आकड्यांत मांडा

येथे सर्वांत जास्त गल्लत होते ती फोनसंच आणि एकाच वेळी चालणारे कॉल यांच्यात. कार्यालयात चाळीस जणांच्या टेबलावर फोन असले, तरी एका वेळी बोलणारे कदाचित आठच असतील. सविस्तर बिलातील कॉलच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळा पाहून, सर्वाधिक गर्दीच्या तासात एका क्षणी किती कॉल चालू होते ते मोजा, आणि त्यावर थोडी मोकळीक ठेवा. मात्र बाहेरून येणारे कॉल बिलात बहुधा नसतात, त्यामुळे ते ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयातील फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदीतून घ्यावे लागतील किंवा आठवडाभर हाताने टिपावे लागतील. व्यस्त असल्याने परत गेलेले कॉल किती, हा आकडा सध्याच्या कंपनीकडे असतो. तो मागून घ्या, कारण सध्याची सेवा अपुरी पडते आहे की नुसती महाग आहे, याचे उत्तर त्यातच असते.

त्याचबरोबर बाहेरगावी आणि परदेशात किती मिनिटे बोलणे होते, किती जण कार्यालयाबाहेरून काम करतात, कॉल ध्वनिमुद्रित करणे आवश्यक आहे का आणि येत्या दोन-तीन वर्षांत माणसे किती वाढतील, याचाही अंदाज लिहून ठेवा.

पायरी ३: सेवेचा प्रकार ठरवा

ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली जुनी, तांब्याच्या तारेची: साधी लँडलाइन, किंवा अनेक कॉल एकत्र वाहून नेणारी पीआरआय लाइन, जिच्या ई१ प्रकारावर एका वेळी ३० आणि टी१ प्रकारावर २३ कॉल चालतात. दुसरी वाट म्हणजे तुमची ईपीएबीएक्स यंत्रणा तशीच ठेवून बाहेरची लाइन मात्र इंटरनेटवरून घेणे, ज्याला एसआयपी ट्रंक म्हणतात. तिसरी म्हणजे क्लाउड फोन, ज्यात यंत्रणा कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तुमच्याकडे फक्त फोनसंच, संगणक किंवा मोबाइलवरील ॲप असते.

अनेक देशांत तांब्याच्या तारांचे जाळे टप्प्याटप्प्याने मोडीत निघत आहे, म्हणून नव्याने पहिल्या वाटेला जाण्याचा सल्ला मी देणार नाही. उरलेल्या दोहोंत निवड करताना आपली सध्याची यंत्रणा किती जुनी आहे आणि ती सांभाळणारा माणूस हाताशी आहे का, हे दोन प्रश्न पुरतात. यंत्रणा चांगल्या स्थितीत असेल आणि तिची जाण असलेला माणूस असेल, तर एसआयपी ट्रंकने कमी उलथापालथीत काम भागते. दोन्ही नसतील, तर क्लाउड फोन बरा.

एक फरक मात्र आधीच ध्यानात घ्या. तांब्याच्या तारेवरील साध्या फोनला वीज टेलिफोन केंद्रातूनच मिळत असे, म्हणून घरात अंधार असतानाही तो चालायचा. इंटरनेटवरील फोनसाठी राउटर, स्विच (अनेक उपकरणांच्या लॅन केबल एकत्र जोडणारी पेटी) आणि फोनसंच या तिघांनाही वीज लागते. लॅन केबलमधूनच फोनला वीज पुरवणारा स्विच घेतला आणि राउटरसह तो यूपीएसवर टाकला, तर वीज गेल्यावरही फोन चालू राहतो. मुळात ८०२.३एएफ या प्रमाणानुसार असा स्विच प्रत्येक जोडणीला १५.४ वॅटपर्यंत वीज देतो, आणि साध्या टेबल-फोनला ती भरपूर होते.

पायरी ४: करार करण्यापूर्वी इंटरनेट जोडणी तपासा

नव्या सेवेच्या नावाने होणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ ग्राहकाच्याच जोडणीत असते. वेग हा येथे खरा प्रश्न नाही. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाजासाठी सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि आवाजाचे तुकडे पाठवताना त्यांना जोडली जाणारी पत्त्यासारखी माहिती धरून एका कॉलला दोन्ही दिशांना सुमारे ८७ किलोबिट जागा लागते. म्हणजे एका वेळी दहा कॉल चालले, तरी १ मेगाबिटच्या आतच काम होते. जी.७२९ या आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतीत हाच आकडा एका कॉलमागे सुमारे ३१ किलोबिट इतका उतरतो, पण आवाजाचा दर्जाही थोडा उतरतो.

खरे महत्त्व आहे ते तीन गोष्टींना: आवाज पोहोचायला लागणारा उशीर, त्या उशिरातील चढउतार आणि वाटेत हरवणारे आवाजाचे तुकडे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक संभाषणात तो जाणवत नाही. त्यापलीकडे गेला, की दोन्ही माणसे एकदम बोलू लागतात आणि मग एकदमच थांबतात. चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवणारे तुकडे १ टक्क्याच्या आत असावेत, असा व्यवहारातील दंडक आहे. ही मोजणी रात्री निवांत वेळी करून उपयोग नाही. सकाळी सगळे जण कामाला लागलेले असतात, कोणी मोठी फाइल वर चढवत असतो, तेव्हा ती करा, आणि निदान आठवडाभर करा. राउटरमध्ये आवाजाच्या वाहतुकीला प्राधान्य देण्याची सोय असते. ती चालू करून घ्या. राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ नावाची, फोनचे संदेश वाटेत बदलणारी सोय मात्र बहुतेक वेळा बंद करणेच हिताचे ठरते. एका बाजूचा आवाज ऐकू येतो आणि दुसऱ्या बाजूचा येत नाही, अशी तक्रार आली, तर सर्वांत आधी तीच तपासावी.

पायरी ५: कंपन्यांना प्रश्न विचारा आणि करार ओळीओळीने वाचा

तीन कंपन्यांकडून दरपत्रक मागवा, आणि तिघांनाही पायरी २ मधील तेच आकडे द्या. नाहीतर एक जण माणशी दर सांगेल, दुसरा एकाच वेळी चालणाऱ्या कॉलच्या संख्येप्रमाणे, तिसरा मिनिटांप्रमाणे, आणि तुलना करायला हाती काही उरणार नाही. पहिल्या महिन्याचे नव्हे, तर कराराच्या संपूर्ण मुदतीचे एकूण मूल्य काढा आणि त्यात फोनसंच, बसवणी, प्रशिक्षण, क्रमांक वळवण्याचे शुल्क आणि सवलत संपल्यानंतरचा दर, हे सर्व धरा.

‘९९.९ टक्के वेळ सेवा चालू’ हे वाक्य प्रत्येक दरपत्रकात असते. त्याचा अर्थ वर्षाला सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते, असा होतो. ९९.९९ टक्क्यांत हाच काळ सुमारे ५३ मिनिटांवर येतो. पण टक्क्यांपेक्षा मोलाचे प्रश्न पुढचे आहेत. हा हिशेब महिन्याचा की वर्षाचा? पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल त्यात धरली आहे का? आणि हमी मोडली, तर बिलातील सूट आपोआप मिळते की ती मागावी लागते?

कराराची किमान मुदत, मुदत संपल्यावर तो आपोआप पुढे सरकतो का, सोडण्यासाठी किती दिवस आधी कळवावे लागते आणि मध्येच सोडल्यास दंड किती, ही चार कलमे रेषा मारून वाचा. फोनसंच भाड्याचे असतील, तर ते परत करण्याची तारीख आणि अट पाहा. विकतचे असतील, तर ते दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालतील का, हे विचारा. कुलूपबंद संच पुढच्या बदलाच्या वेळी अडगळीत जातात. आणि येतानाच जाण्याची वाट विचारून ठेवा: उद्या आम्ही सोडून गेलो, तर आमचा क्रमांक, ध्वनिमुद्रणे आणि कॉलच्या नोंदी आम्हाला कशा मिळतील? ज्या कंपनीला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, तिच्याशी व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केल्यास तुमचा पत्ता तेथे कसा पोहोचतो, हेही विचारा. इंटरनेटवरील फोन कोठूनही चालतो, त्यामुळे नोंदवलेला पत्ता जुना राहिला, तर मदत चुकीच्या ठिकाणी जाऊ शकते. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

मदतकक्ष पारखण्याचा एक सोपा मार्ग आहे. सही करण्याआधी एकदा रात्री आणि एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मदतकक्षाला फोन लावा. किती वेळात माणूस बोलतो आणि त्याला काय कळते, हे तेव्हाच समजते.

पायरी ६: थोड्या जणांवर चाचणी घ्या

नव्या कंपनीकडून तात्पुरते क्रमांक घेऊन दोन ते चार आठवडे पाच-सहा जणांना ती सेवा वापरू द्या. त्यांत तंत्रज्ञानाची आवड असलेलीच माणसे निवडू नका. सर्वाधिक फोन घेणारी व्यक्ती, नेहमी बाहेर असलेली व्यक्ती आणि नव्या गोष्टींना नाराज असलेली व्यक्ती, हे तिघे त्यात हवेतच. कॉल रोखून ठेवणे, बोलून मग पुढे देणे, तिसऱ्याला संभाषणात घेणे, मोबाइलवरून बोलत असताना वाय-फायमधून बाहेर पडणे, दुसऱ्या संस्थेच्या आयव्हीआरमध्ये (‘अमुकसाठी एक दाबा’ असे सांगणाऱ्या स्वयंचलित उत्तरयंत्रात) आकडे दाबणे, हे सगळे करून पाहा. शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. बँकेच्या स्वयंचलित उत्तरयंत्राला आपण दाबलेले आकडे पोहोचतच नाहीत, हे मग ऐन गरजेच्या वेळी कळते.

पायरी ७: क्रमांक वळवण्याचा अर्ज

जुना क्रमांक नव्या कंपनीकडे नेण्याला पोर्टिंग म्हणतात. तुमच्या देशाचे नियम तुमच्या प्रकारच्या क्रमांकाला ही मुभा देतात का, हे कराराआधीच दूरसंचार नियामकाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मोबाइल, स्थिर लाइन आणि ग्राहकाला मोफत असलेले क्रमांक यांचे नियम वेगवेगळे असू शकतात.

अर्ज सहसा नव्या कंपनीमार्फत होतो. तो फेटाळला जाण्याचे नेहमीचे कारण अगदी क्षुल्लक असते: अर्जातील नाव किंवा पत्ता जुन्या कंपनीच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळत नाही. व्यवसायाचे नाव बदललेले असते, जागा बदललेली असते, किंवा लाइन पूर्वीच्या भागीदाराच्या नावावर असते. म्हणून अर्जाच्या आधी जुन्या कंपनीकडून ग्राहक नोंदीचा लेखी उतारा मागवा आणि त्यातील मजकूर जसाच्या तसा अर्जात उतरवा. थकबाकी असेल, तर ती भरून पावती जवळ ठेवा. खाते क्रमांक, संकेतांक आणि अधिकृत सहीचे पत्र लागत असेल, तर तेही तयार ठेवा.

दोन खाचखळगे येथे सांगितलेच पाहिजेत. एक म्हणजे, ज्या तारेवर तुमचा मुख्य क्रमांक आहे त्याच तारेवरून तुमचे ब्रॉडबँड येत असेल, तर क्रमांक वळताच इंटरनेटही बंद पडू शकते, आणि मग नवा फोनही चालत नाही. तसे असेल, तर स्वतंत्र इंटरनेट जोडणी आधी घ्या. दुसरे म्हणजे, क्रमांक सलग गटाने घेतलेले असतील आणि त्यांतील काहीच न्यायचे असतील, तर उरलेल्यांचे काय होणार, हे लेखी विचारा. सांगितले नाही, तर ते कायमचे जाऊ शकतात. त्या क्रमांकावर लघुसंदेश येत असतील, तर त्यांची सोय आवाजाबरोबरच वळते की स्वतंत्र अर्ज लागतो, हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

अर्ज चालू असताना जुन्या सेवेत कोणताही फेरबदल करू नका. नवी लाइन घेणे किंवा पत्ता बदलणे, एवढ्यानेही अर्ज अडकू शकतो.

पायरी ८: बदलाचा दिवस

तारीख आठवड्याच्या मध्यावरची आणि सकाळची घ्या, म्हणजे काही बिघडले तर दोन्ही कंपन्यांची माणसे दिवसभर फोनवर मिळतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी, महिनाअखेरीस किंवा हंगामाच्या तोंडावर हे काम काढू नये. आदल्या दिवशी सगळे फोनसंच, स्वागताचा संदेश, कॉल कोणाकडे आधी जाईल आणि न उचलल्यास पुढे कोठे जाईल, हे सर्व तात्पुरत्या क्रमांकावर तयार आणि तपासलेले असले पाहिजे.

क्रमांक वळल्यावर काही तास असे असतात, की एका नेटवर्कवरून केलेला कॉल नव्या फोनवर येतो आणि दुसऱ्यावरून केलेला अजून जुन्याच फोनवर वाजतो, कारण प्रत्येक नेटवर्क आपली नोंद आपल्या वेळेने बदलते. म्हणून जुना संच त्या दिवशी उपटू नका. तो नव्याच्या शेजारीच ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवरून, लँडलाइनवरून आणि जमल्यास परदेशातून फोन करून पाहा. तुम्ही बाहेर फोन केल्यावर समोर कोणता क्रमांक दिसतो, तेही पाहा. बऱ्याचदा तेथे तात्पुरताच क्रमांक राहून गेलेला असतो. प्रत्येक कॉलची वेळ, कोठून केला आणि काय झाले, हे कागदावर टिपा. तक्रार करताना ‘कधीकधी लागत नाही’ यापेक्षा ‘१० वाजून ४० मिनिटांनी अमुक नेटवर्कवरून लागला नाही’ या वाक्यावर तंत्रज्ञाला लगेच काम करता येते.

पायरी ९: पहिला महिना

पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाच्या खात्याचा आयता पासवर्ड बदला, परदेशी कॉलची परवानगी ज्यांना खरोखर लागते त्यांनाच ठेवा आणि खर्चाची रोजची मर्यादा लावून घ्या. फोन यंत्रणेत घुसून महागड्या परदेशी क्रमांकांवर कॉल करणारे भामटे बहुधा रात्री आणि सुट्टीत हात मारतात, आणि अनेक करारांत ते बिल ग्राहकालाच भरावे लागते. कॉल वाटेत कोणाला ऐकता येऊ नयेत, यासाठी कंपनी टीएलएस आणि एसआरटीपी ही संरक्षणे देत असेल, तर ती चालू करून घ्या. ध्वनिमुद्रण करणार असाल, तर समोरच्याला ते सांगण्याबाबतचा तुमच्याकडील कायदा पाहून स्वागत संदेशात तसे वाक्य घाला.

सर्व क्रमांक वळले, लिफ्ट आणि अलार्म प्रत्यक्ष बटण दाबून तपासून झाले आणि निदान एक आठवडा कॉल सुरळीत आले, की मगच जुन्या कंपनीला उरलेली सेवा बंद करण्याचे लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. क्रमांक गेला म्हणजे खाते आपोआप बंद झाले असे नसते. भाड्याचा राउटर किंवा एखादी विसरलेली लाइन त्या खात्यावर महिनोन्‌महिने बिल चढवत राहते. भाड्याचे संच परत करताना त्यांच्यावरील अनुक्रमांक लिहून पावती घ्या. जुन्या कंपनीचे शेवटचे बिल आणि नव्या कंपनीचे पहिले बिल पायरी १ मधील तक्त्याशेजारी ठेवून एकेक क्रमांक जुळवा, आणि ज्याच्यासमोर खूण होणार नाही त्याची चौकशी त्याच दिवशी करा.